माह्यं पोट दुखत नाई

शर्वरीनं माझी कॉलर सोडली आणि आपल्या आईच्या रुमालाला हात पुसले. एकेक बोट. सगळ्यांसमोर.

सिंदीत रेल्वे फाटकाजवळच्या हॉलमध्ये आमचा ज्युदोचा सराव चालायचा. मी आठवीत, तीही आठवीत. वजन सारखं, म्हणून सर आमची जोडी लावत. ज्युदोत एकमेकीला धरल्याशिवाय काही होतच नाही. कॉलर धरायची, बाही धरायची, ओढायचं, पाडायचं. तिची आई रोज भिंतीला खुर्ची टाकून बसायची. त्या दिवशी सरावाआधी त्यांनी मला सहज विचारलं होतं, "कुठं राह्यते वं तू?" मीही सहज सांगितलं, "बुद्धविहाराच्या मागं."

आता काकू उठल्या. "सर, आमच्या मुलीले हिच्यासंगं नका लावत जाऊ. वास येते. धुवत नाईत हे लोक."

हे लोक. मी तर एकटीच उभी होते.

ड्रेस मी आदल्या दिवशीच धुतला होता. सांगायला पाहिजे होतं. मी सरांकडं पाहिलं. सर काकूंकडं पाहत होते. हॉलमधल्या मॅट काकूंच्या घरून देणगीत आल्या होत्या.

"तू तिकडं डमीसंगं कर," सर मला म्हणाले.

डमी म्हणजे चिंध्या भरलेलं पोतं. पुढं मी पोतंच धरलं, पोतंच पाडलं. मला डाव येत होते. पण पोतं मागं ढकलत नाही, ओढत नाही. त्याच्याशी लढून माणसाशी लढता येत नाही. घरी गेले की दार लावून ड्रेस नाकाशी धरायची. साबणाचा वास यायचा. तरी पुन्हा हुंगायची. मायला काही सांगितलं नाही. माय जिनिंगात कामाला. संध्याकाळी केसांत कापसाची लव घेऊन यायची, थकलेली. तिला अजून हे कुठं सांगू?

मग स्पर्धा सुरू झाल्या आणि माझ्या अंगात भेव शिरलं. कारंज्याच्या स्पर्धेत समोरची मुलगी माझ्यापेक्षा कच्ची होती. पण तिच्या कॉलरला हात लावायची वेळ आली की माझी बोटं उघडीच राहायची. वाटायचं, आता ही हात झटकेल. आता पुसेल. तिनं मला उचलून आपटलं. सर म्हणाले, "दमच नाई तुह्यात."

मला वाटलं, खरंच नाही.

तेव्हापासून लढतीच्या आधी पोटात कालवायचं. उलटी व्हायची. मी बाथरूममध्ये जाऊन हात धुवायची. साबण लावून, घासून घासून. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, तरी.

दहावीत असताना जिल्ह्याची स्पर्धा आली. वर्ध्याला, बोरगाव मेघेतल्या एका हॉलमध्ये. मायनं कामावर खाडा केला आणि पॅसेंजरनं माझ्यासोबत आली. आमच्या वजनात मुली थोड्याच. पहिली लढत मी जिंकले, ती समोरचीच पाय घसरून पडली म्हणून. मी तिला नीट धरलंसुद्धा नव्हतं. फायनलला समोर कोण? शर्वरी.

सर मला जिन्याखाली घेऊन गेले. आवाज गोड केला. "हे पाह्य, सोडून दे. पोट दुखते म्हण. तिले नागपूरले विभागाच्या स्पर्धेले जाऊ दे. तुले चांदीचं मेडल भेटतेच."

मी बोटं ड्रेसच्या पट्ट्यात अडकवली.

"पाह्य जरा तुह्ये हात. आतापासूनच थरथरून राह्यली. तू काय खेळशीन?"

हात खरंच थरथरत होते. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. आजही ती मान आठवते आणि माझी मलाच किळस येते.

मी बाथरूममध्ये गेले. ओकले. मग नळाखाली हात धरले आणि साबण घासू लागले. माय मागून आली.

"काय झालं वं? काऊन एवढी घासून राह्यली?"

आणि माझा बांध फुटला. रुमाल, वास, हे लोक, पोतं, आता पोट दुखतं म्हणायचं. सगळं सांगितलं. मला वाटलं, माय रडेल. जवळ घेईल. मायनं नळ बंद केला. माझ्या हातातला साबण हिसकला आणि खिडकीतून बाहेर फेकला.

"हात तिनं पुसले, अन् साबण तू कायले घासते?"

एवढंच बोलली. रागानं बोलली. माझ्यावरच चिडली होती.

बाहेर माइकवर माझं नाव घेतलं गेलं. प्रकृती ठीक नसल्यामुळं माघार. सरांनी आधीच कळवून टाकलं होतं. शर्वरीच्या घरचे टाळ्या वाजवू लागले.

मी मॅटच्या कडेला जाऊन उभी राहिले. भेव कुठंही गेलं नव्हतं. मी ओरडले, "माह्यं पोट दुखत नाई! मी खेळतो!"

सर धावत आले. "अवं, काय करून राह्यली?"

"तुम्हीच सांगतलं होतं मले असं म्हणायले. मी नाई म्हणत."

पंचांनी सरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मला आत बोलावलं.

वाकून नमस्कार झाला. मी सरळ गेले आणि तिची कॉलर धरली. बोटं मिटली. घट्ट. कापड मुठीत आलं आणि त्यामागची तिची छाती लागली. धडधडत होती. माझ्यासारखीच. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, की तिलाही भेव वाटतं. तिनं मला एकदा पाडलं, अर्धा गुण घेतला. मी उठले, पुन्हा तिथंच धरलं. तिची बाही ओढली, पाय अडकवला, दोघी पडलो. वर मी होते. तिला दाबून धरलं. ती सुटायला धडपडत होती, मी सोडलं नाही. पंचाचा हात वर गेला. पूर्ण गुण, माझा.

मायनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नुसती उभी होती.

गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आता माह्याकडं येजो नको." नागपूरला न्यायलाही कोणी आलं नाही. मी आणि माय गेलो, विचारत विचारत. पहिल्याच लढतीत हरले. तिथल्या मुली फार तयारीच्या होत्या, आणि मी पोत्याशी शिकलेली. सिंदीत सर सगळ्यांना सांगत फिरले, "पाह्यलं? जिरली."

जिरली नाही. मी आता कॉलेजात आहे, वर्ध्याला सराव करते. लढतीआधी पोटात अजूनही कालवतं. कालवू दे. हात थरथरतात, मी थरथरत्या हातांनीच धरते. पण एक गोष्ट पक्की आहे. मी कोणाला नको असेन, तर त्यानं ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं. मोठ्यानं, माइकवर, कारणासकट. माझ्या तोंडून माझीच माघार यापुढं कोणाला मिळणार नाही.