जुईच्या वडिलांबद्दल मी जे बोलले

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं नाही असं नव्हे. तो व्हिडिओ गावभर फिरायला लागला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "हे खरं आहे का गं?" आणि मी तव्यावरची पोळी उलटता उलटता "हो" म्हणाले. इतकं सहज. तेव्हापासून हे माझ्याजवळच आहे. आता तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे. एक मात्र आधीच बजावते. मी रडणार नाही. माझ्या रडण्याची वाट बघत वाचणार असाल तर इथंच थांबा.

मी बडोद्यातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. दांडिया बाजारात वाढले, लग्नानंतर गोत्रीला राहायला गेले. शाळेत प्रयोगशाळेमागं एक अडगळीची खोली होती. ती झाडून-पुसून तिथं मी पाच मुलींना घेऊन रोबोट बनवायला बसले. शिकवत होते असं म्हणणार नाही, आम्ही सगळ्याच शिकत होतो. चाकांवर फिरणारं, जमिनीवरचे चेंडू उचलून उंच टोपलीत टाकणारं यंत्र. त्याची साखळी सारखी निसटायची. मुली ती पुन्हा चढवायच्या, पुन्हा निसटायची. या मुली राज्यात जिंकल्या, मग देशात जिंकल्या, आणि जपानमधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं. खर्च ज्याचा त्यानं करायचा होता. शाळेनं शुभेच्छा दिल्या.

मग मी पैसे मागत फिरले. तुम्ही कधी पैसे मागितलेत कुणाकडे? दुसऱ्याच्या मुलींसाठी? एका कारखान्याच्या साहेबांनी मला बाहेर ताटकळत बसवलं आणि शेवटी मुलींसाठी टोप्या दिल्या — कंपनीचं नाव छापलेल्या. एकांनी विचारलं, "टीममध्ये मुलगे नाहीत का?" एक जण म्हणाले, "बेन, पुढच्या वर्षी बघू." या सगळ्यांना मी खरं सांगत होते. मुली हुशार आहेत, मेहनती आहेत, त्यांनी स्वतःच्या हातांनी हे यंत्र उभं केलंय. खरं ऐकताना लोक मोबाइल बघत होते, हे मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

आता जुईबद्दल. या पाचांतली ही सगळ्यात अबोल, आणि साखळीचं दुखणं अखेर हिनंच शोधून काढलं. तिच्या वडिलांचं शहरातल्या वाडी भागात शिवणकामाचं दुकान होतं. शशिकांतभाऊ. नवरात्रीच्या चनियाचोळ्या शिवायचे, गरब्याच्या आधी दुकानात बायकांची ही गर्दी. जुईनं लहानपणी पहिलं खेळण्यातलं यंत्र बनवलं तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या शिलाई मशिनची मोटर स्वतः सोडवून तिच्या हातात दिली होती. रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे. उशीर झाला तरी कधी हॉर्न वाजवला नाही.

असा माणूस. लक्षात ठेवा, मी याच माणसाबद्दल बोलले.

दांडिया बाजारातल्या एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मला बोलायला दहा मिनिटं दिली होती. आधी सत्कार झाले, मग भाषणं, आणि चहाच्या आधी मी. समोर सगळे ओळखीचे, माझ्या माहेरच्या गल्लीतले. जुई शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर यंत्राचा एक भाग घेऊन. मी बोलत होते आणि लोक चहाच्या टेबलाकडे बघत होते. मागच्या रांगेतले दोघे तर उठलेच. आणि माझ्या तोंडून निघालं — "या मुलीनं पहिलं यंत्र बनवलं ना, ते तिच्या वडिलांनी गॅलरीतून खाली फेकलं. म्हणाले, पोरींनी असले धंदे करायचे नाहीत. तरी ती आज तुमच्यासमोर बसली आहे."

हॉल गप्प झाला. उठलेले दोघे खाली बसले.

जुईनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. ती का घातली, ते मला माहीत होतं. पण लोकांना वाटलं, पोर अपमान आठवून रडतेय. एका बाईंनी येऊन तिला पोटाशी धरलं. त्या संध्याकाळी जितके चेक मिळाले तितके आधीच्या सगळ्या वणवणीत मिळाले नव्हते.

घरी परतताना माझ्या मागं स्कूटरवर बसलेली जुई म्हणाली, "मॅडम, पप्पांनी असं कधी केलं नाही."

मी म्हणाले, "जपानला जायचंय ना सगळ्यांना?"

त्यानंतर ती काही बोलली नाही. मी मात्र बोलत राहिले. पुढच्या सभेत, त्याच्या पुढच्या सभेत. गुजरातीत, हिंदीत. प्रत्येक वेळी जरा भर घालून. आणि जुई बरोबर त्या वाक्याला मान खाली घालायला शिकली. मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नाही.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो वाडीत पोचला. शशिकांतभाऊ शाळेत आले. आवाज चढवला नाही, पण बसलेही नाहीत. "बेन, मी कधी फेकलं? काय फेकलं? दुकानात बायका मला तोंडावर विचारतात. तुम्ही सगळ्यांना सांगा की हे खोटं आहे."

त्या वेळी माझ्या टेबलावर मुलींच्या पालकांची संमतीपत्रं होती. वडिलांची सही असल्याशिवाय व्हिसा पुढं जाणार नव्हता. शशिकांतभाऊंची सही व्हायची होती. मी काय म्हणाले, ते शब्दाला शब्द आठवतं.

"आत्ता खोटं म्हटलं तर पैसे परत करावे लागतील. पाचही मुली घरी बसतील. आणि तुम्ही सही केली नाहीत, तर लोक म्हणतील — बघा, खरंच होतं."

दोन्हीकडून मी त्यांना बांधून टाकलं होतं आणि ते त्यांना समजत होतं. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, सही केली आणि गेले. मी चहाही विचारला नाही.

सभेतलं खोटं तोंडातून निसटलं असं म्हणता येईल. हे निसटलेलं नव्हतं. हे मी विचार करून केलं.

आम्ही जपानला गेलो. मुली पहिल्या आल्या नाहीत, मधेच कुठंतरी राहिल्या. पण त्यांचं यंत्र भरल्या स्टेडियममध्ये चाललं, आणि साखळी एकदाही निसटली नाही. तिथं राहणारं एक भारतीय कुटुंब मुद्दाम भेटायला आलं. त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. त्या बाई जुईचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "बेटा, आता तू सुटलीस." पैशांची गरज तेव्हा संपली होती. तरी जुईनं मान खाली घातली. मी शेजारीच उभी होते. एका वाक्याचं काम होतं. मी फोटो काढायला पुढं झाले.

आता तुम्ही विचाराल, हेच खोटं का? दुसरं काही का नाही सुचलं?

कारण ते खोटं नव्हतं. मुलगी खरी होती, गॅलरी खरी होती, फेकणारे वडीलही खरे होते. फक्त ती मुलगी मी होते. दहावीत असताना सुटे भाग जमवून मी रेडिओ बनवला होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो वाजत असतानाच उचलला आणि गॅलरीतून रस्त्यावर टाकला. पोरींनी असले धंदे करायचे नाहीत, हे वाक्य त्यांचं. मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, गल्लीत मान असलेले अण्णा. त्या मंडळाचे माजी अध्यक्ष. मी बोलत होते तेव्हा त्यांचा हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर होता.

"माझ्या वडिलांनी फेकला" असं मला म्हणता आलं असतं. लोक तेव्हाही गप्प झाले असते. चेकही कदाचित मिळाले असते. पण त्या हॉलमध्ये, त्या लोकांसमोर, त्या घराण्याबद्दल? माझी जीभ रेटली नाही. मग जवळ एक शिंपी होता, ज्याला त्या हॉलमधलं कुणी ओळखत नव्हतं. त्याच्या नावावर खपवलं. त्याचं काहीही झालं तरी माझ्या माहेरचं काही जाणार नव्हतं. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं का? होतं. इतक्या झटपट ठाऊक होतं की विचारही करावा लागला नाही.

त्या नवरात्रीत बायका शशिकांतभाऊंकडे फिरकल्या नाहीत. पुढच्याही नाही. आता ते पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवतात. एकदा मी दुकानापुढं जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर करून पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा कापड मापायला लागले. मी निघून आले. जुई इंजिनिअरिंगला आहे. बाकीच्या चौघी मला फोन करतात.

पस्तावा म्हणाल, तर ज्यांनी पैसे दिले त्यांच्याबद्दल मला तिळभर नाही. मुली हुशार आहेत एवढं ऐकून ज्यांचा हात खिशाकडे गेला नाही आणि बाप वाईट आहे म्हटल्यावर गेला, त्यांना फसवल्याचं मला काही वाटत नाही. शाळा मला काढणार असेल तर काढू दे. मंडळानं पैसे परत मागावेत, मी हप्त्यानं देईन. पण शशिकांतभाऊंसमोर माझ्याकडे काहीच नाही. माफी मागायला मी पुन्हा गेले नाही. जाईन असंही म्हणत नाही.

त्या अडगळीच्या खोलीत यंदा नव्या मुली आहेत. चांगल्या आहेत, जुईच्या टीमपेक्षाही चांगल्या. परवा त्यांनाही स्पर्धेचं बोलावणं आलं. सोमवारपासून मी पुन्हा पैसे मागायला निघणार आहे. समोरचे लोक चहाच्या टेबलाकडे बघायला लागतील तेव्हा माझ्या तोंडून काय निघेल, याची मी तुम्हाला हमी देत नाही.