भरीत चांगले होते

शेजारी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताहेत आणि त्या धुराबरोबर मला धुळ्याची शवविच्छेदनाची खोली आठवते. नव्वदच्या सुमारास मी तिथे डॉक्टर होतो. टेबलावर शिरपूरकडचा एक तरुण शेतकरी होता. मुंबईत त्याची छाती न उघडता, जांघेतून नळी घालून, फुग्याने हृदयाची अरुंद झडप रुंद केली होती. घरी परतल्यावर तो भरीत-भाकरी जेवला आणि हात धुताना कोसळला. बाहेर त्याची आई सुनेकडे बोट दाखवून ओरडत होती, "मना पोऱ्याले हिनीच काही तरी खावाडं!" सून मला म्हणाली, "साहेब, तेच भरीत मी बी खादं. मी तं जित्ती शे!" आत मी हृदयाभोवतीची पिशवी उघडली. ती काळ्या, गोठलेल्या रक्ताने भरली होती आणि हृदयाच्या भिंतीत नळीने पडलेले बारीक छिद्र होते. कारण समोर होते. पण ती शस्त्रक्रिया माझ्या गुरूंनी केली होती. मी छिद्राबद्दल लिहिलेच नाही. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा, म्हणजे आतड्या-यकृताचे नमुने, पाठवला आणि मृत्यूच्या कारणाबद्दलचे मत राखून ठेवले. विष नव्हते हे कागदावर यायला कित्येक महिने गेले. तोवर सासरच्यांनी तिला नवरा मारणारी ठरवून माहेरी चोपड्याला हाकलले होते. गुरू आता नाहीत. ती आहे, अजून माहेरीच, असे नुकतेच कळले. उद्या सकाळच्या एसटीने मी चोपड्याला जाणार, आणि ती आली तर तिला घेऊन, नाही तर एकटाच, तिच्या सासरच्या ओट्यावर. तिथे सगळ्या भाऊबंदांसमोर मोठ्याने सांगणार आहे, की ते छिद्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि भरीत चांगले होते.