तात्यांचं दुसरं इंजेक्शन

आमच्या घरात विसरभोळा माणूस एकच, असं मी सगळ्या कळस गावाला सांगून ठेवलं होतं. तो म्हणजे माझे वडील, तात्या. वीस वर्षांची जुनी साखर. ती आता डोक्यालाही भोवतेय, असं बारामतीचे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून इन्सुलिनचा कारभार माझ्या हाती. टोचलं की कॅलेंडरवर खूण करायची. (साखर मलाही आहे, पण माझी आपली साधी!)

त्यात आमचं ऊसवाल्यांचं घर. कारखान्याची सभासदांना मिळणारी साखर पोत्यानं येते. तात्या येता-जाता तिचे बकाणे भरायचे, म्हणून पोतं मी पेटीत घालून कुलूप ठोकलं.

त्या सकाळी सुई घेऊन गेलो, तर तात्या शांतपणे म्हणाले, "मघाशी टोचलंस की."

"न्हाय टोचलं, तात्या."

"टोचलंस! तुझ्या आईनं बघितलंय. इच्यार तिला, ती काय तितं बसलीय."

आई जाऊन सहा वर्षं झाली. समोरची खुर्ची रिकामी होती. पण विसरभोळ्या माणसाशी वाद कसला घालायचा? दिलं टोचून!

थोड्या वेळात तात्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. रिकाम्या खुर्चीकडं बघून ते म्हणू लागले, "आलो, आलो गं." मी ओरडून बायकोला बोलावलं. सुनंदानं आधी कॅलेंडर बघितलं.

"अवो, आजची खूण हाय की हितं! तुमचीच!"

माझीच होती. वेळसुद्धा लिहिलेली, माझ्याच अक्षरात! तात्या खरं बोलत होते. आणि आईसुद्धा.

"साखर काढा आधी! किल्ली कुठं हाय?"

"जपून ठेवलीय."

"आवं, पण कुठं?"

तेच आठवेना! घराच्या चारी बाजूंनी ऊस, पेटीत पोतंभर साखर, आणि चमचाभर साखरेवाचून माझा बाप हातचा चाललेला. मला रडूच कोसळलं. सुनंदानं स्वतःच्या चहासाठी लपवलेला गूळ काढला, पाण्यात कालवून तात्यांना घोट घोट पाजला. हळूहळू ते भानावर आले. तसेच गाडीत घालून बारामती गाठली.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी तात्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी त्यांना दोन आठवले, तिसरा अडला. बापाची अब्रू जाऊ नये म्हणून मी हळूच पुटपुटलो, "विहीर, तात्या."

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "विहीर मी म्हणालोच नव्हतो."

"व्हय," तात्या काळजीनं म्हणाले. "हे अलीकडं जरा इसरतंय. ह्याचा बी केसपेपर काढा!"

काढला. वय मी सांगितलं. तात्यांनी ते दुरुस्त केलं!