ई, वाय, एस

ते प्रकरण अजून मनातून जात नाही, आणि त्यात ना खून होता ना दरोडा. छत्तीसगढ वेगळं झालं नव्हतं, मध्य प्रदेशचेच दिवस होते. भिलाईतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कचेऱ्यांत संगणक नुकतेच आले होते आणि आम्हा पोलिसांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

जवळच्या रसमडा गावातल्या एका खासगी कारखान्याचे नकाशे बाहेर जात होते. निनावी फोन आला: तिथला एक बाबू, म्हणजे कारकून, रोज खिशात फ्लॉपी घालून पावर हाउसच्या थांब्यावर उतरतो. आम्ही त्याला थांब्यावरच धरलं, झडती घेतली, पंचनामा केला. फ्लॉपी सापडली.

कारखान्याच्या मॅनेजरने ती आपल्या नव्या संगणकात घातली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. "कोड है साहब," तो म्हणाला, "कल ही निकालता हूँ इसको." बाबू पन्नाशीचा, भंडाऱ्याकडचा. नोकरी गेली असती तर कारखान्याचं क्वार्टरही गेलं असतं.

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हा दोन तासांत एकच बोलला, "घरचं हाय साहेब. जास्त इचारू नका." मी चिडलो. घरचं असेल तर सांगायला काय जातं?

पडद्यावरचा मजकूर छापून घेतला होता. त्याची नक्कल करायला कागद मुन्शीजींकडे दिला. मुन्शीजी म्हणजे ठाण्याची लिखापढी पाहणारे हवालदार, छत्तीसगढी, हिंदी-इंग्रजी दोन्ही टायपिंग पास. इंग्रजी मशीनवर अर्धं पान उतरवून ते थांबले.

"साहब, मोर उंगली तो हिंदी टाइप करत हे!"

त्यांनी हिंदी मशीन ओढलं आणि त्याच जागच्या कळा दाबल्या. कागदावर देवनागरी उमटू लागली. बाबूच्या संगणकात हिंदीचं सॉफ्टवेअर होतं, मॅनेजरच्या संगणकात नव्हतं. एवढाच तो कोड!

"पर हिंदी गलत है साहब. ई, वाय, एस दबाओ तो मले आता है. ये मले क्या होता है?"

मी खुर्चीतून उठलोच. मले म्हणजे मला; माझी आई जन्मभर तेच बोलली. मी मात्र नोकरीत आल्यापासून ती बोली घराबाहेर काढली नव्हती.

पत्र मुलीला होतं. तिने परजातीत लग्न केलं म्हणून बाबूने तिच्या नावाने आंघोळ केली होती. फ्लॉपीत तेच पत्र सतरा वेळा लिहिलेलं, दर वेळी लहान होत गेलेलं. शेवटच्यात एवढंच: "मले माफ कर बाई. घरी ये."

मला स्वतःचीच लाज वाटली. मुन्शीजींना बाहेर पाठवून मी बाबूला विचारलं, "कावून नाही धाडलं?"

माझ्या तोंडी ती बोली ऐकून त्याने पहिल्यांदा मान वर केली. "कागदावर खोडलेलं दिसते साहेब. याच्यात लिवा, पुसा, कोणाले समजत नाही."

"मंग दिसू द्या ना. पोरीले तेच पाहाचं असन."

रोजनामच्यात नोंद केली: खासगी पत्र, आक्षेपार्ह काही नाही. मॅनेजरलाही तेवढंच लिहून दिलं. त्याने कुरकुरत बाबूला कामावर ठेवलं. नकाशे बाहेर देणारा दुसराच होता, तो महिन्याभराने सापडला. त्या दिवशी ठाण्यातून जाण्याआधी बाबूने आमच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि बाकावर बसून खूप वेळ लिहीत राहिला.

त्यानंतर कोणी चौकशीत गप्प बसला की मी दरडावण्याआधी विचारायचो, घरी कोणती बोली बोलता?

पुढच्या उन्हाळ्यात बाबू पावर हाउसला दिसला. कडेवर दोनेक वर्षांची नात होती. ती त्याच्या खिशात हात घालून फुटाणे शोधत होती, आणि तो मुकाट्याने झडती देत उभा होता.