डिंकमावशीच्या नावाची प्रजाती

संग्रहालयाच्या कीटकविभागात तिला सगळे डिंकमावशी म्हणत. वाळलेल्या कीटकाची मिशी तुटो नाहीतर पाय निखळो, थेंबभर डिंक आणि चिमटा घेऊन ती बसली की काम फत्ते. तिच्या हाताला तोड नव्हती, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

त्या सकाळी विभागप्रमुख बाईंनी तिला हाक मारली. बाई वयाने निम्म्या, पण मावशीवर भारी जीव.

"मावशी, बसा आधी. जाळीदार पंखांच्या कीटकांत नवी प्रजाती सापडलीय, तीही आपल्याच कपाटात! अंग मुंगीसिंहाचं, मिशा घुबडमाशीच्या. दोन्ही गटांच्या मधलीच कुणीतरी. शोधनिबंध आज पाठवतेय, आणि तिला नाव तुमचं देतेय."

मावशीला रडूच फुटलं. डोळे पुसून तिने मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. मुंगीसिंहाच्या मिशा आखूड असतात. या लांबलचक, टोकाला गाठ असलेल्या. बुडाशी धुळीचा वाटावा असा एक कण होता. तिचाच डिंक!

मागे एकदा ट्रे पडून दोन्ही जातींचे कीटक मोडले होते. तेव्हा तिचा मोतीबिंदू वाढत होता; ऑपरेशन बरंच नंतर झालं. काम जाईल या भीतीने तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. मिशा अंदाजाने बसवल्या होत्या. अंदाजाने!

गप्प बसली असती तर नाव जगभर गेलं असतं. पण बाईंचा फुललेला चेहरा बघून तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने ओला कुंचला त्या जोडावर टेकवला.

"अहो, काय करताय!" बाई किंचाळल्या.

डिंक विरघळला. मिशी गळून कागदावर पडली.

मावशीने सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचंही. नाव गेलं, पण सुटले एकदाची, असं तिला वाटलं. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पांढऱ्याफटक पडल्या.

"ऑपरेशनच्या आधी किती दिवस नीट दिसत नव्हतं?"

"दिवस नाही हो. वर्षं."

बाईंची नजर भिंतभर कपाटांवर गेली. "मग तेव्हा अजून काय काय जोडलंत, मावशी?"

मावशीने पहिला कप्पा ओढला. ओळीने टाचलेले कीटक, एकापेक्षा एक देखणे. त्यातला खरा कुठला, हे तिला सांगता येईना.