खोड सांगून विकलेली फटफटी

शिरड शहापूरच्या त्या शेतकऱ्याला मी औंढ्याच्या बाजारात नेहमी बघायचो. बैल विकताना तो आधी बैलाची खोड सांगायचा, मग गुण. गिऱ्हाईक उठून गेलं तरी त्याला फिकीर नसायची.

त्याची जुनी फटफटी विकत घ्यायला मी गेलो, तर ती गोठ्यात बैलांच्या रांगेत, खुंट्याला दाव्यानं बांधलेली.

"चांगली दिसून राहिली," मी म्हणालो.

"दिसंल. पण थंडीत लवकर उठत न्हाई. चढाला तापती. डाव्या अंगाला वढती. हे बराबर ध्यानात घ्या, मंग बोला."

"मी तर इचारलंबी न्हाई. काहून सांगून राहिले तुमी?"

"तुमी न्हाई इचारलं. पण माझ्या दावणीची हाय ती."

सौदा झाला. त्याच्या कारभारणीनं फटफटीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं. त्यानं दावं सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. बैल दिला तरी दावं द्यायचं नाही, नाहीतर दावणीची बरकत जाते.

आमच्या गावातली ती पहिली फटफटी. माणसं भोवती गोळा झाली, किती पळते म्हणून विचारू लागली. मी छाती काढून म्हणालो, "आधी तिची खोड ऐका."