तीन वेळा साडेबावन्न

आधीच माफी मागून टाकते. या ग्रुपवरचे अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतेय आणि बऱ्याच जणांवर मनसोक्त हसलेय. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाची गाडी मागून कुणी धरून ठेवतं... मी म्हणायचे, यांना झोप पुरत नाही, बाकी काही नाही. हसनाबादची माझी आत्या अमावास्येला घरावरून लिंबू उतरवायची, तर मी त्याच लिंबाचं सरबत करून प्यायले होते! सगळं घर बोंबललं, मला साधी सर्दी झाली नाही. तर असा माझा स्वभाव. आता तुम्ही माझ्यावर हसा, हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी बदनापूरची. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाण्याची मोटर उघडायची, जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची. लहानपणापासून मी तिथं बसून तारेचे वेढे मोजलेत. अण्णांचा एकच नियम — "माय, मीटर लावल्याबिगर बोलायचं न्हाई." गिऱ्हाईक छाती बडवून सांगो की मोटर जळालीच आहे, अण्णा आधी मीटर लावणार, काटा बघणार, मंग तोंड उघडणार.

बारावी मी आर्ट्सने केली. सायन्सला जायची हिंमतच झाली नव्हती. मग काही वर्षं दुकानातच बसले. पुढं कळलं की जालन्याच्या एका कॉलेजात (नाव लिहीत नाही) फिजिक्सच्या डिग्रीला एक फाउंडेशन वर्ष जोडलंय. ज्यांचं सायन्स झालेलं नाही त्यांनी आधी वर्षभर गणित, फिजिक्स, प्रॅक्टिकल करायचं आणि पास झालं की डिग्रीच्या पहिल्या वर्षात जायचं. फॉर्म अण्णांनीच आणला. म्हणाले, "मला तार गुंडाळता येती, पण त्यात करंट काहून फिरतो ते मला आजवर कोणी सांगितलं न्हाई. तू शीक, अन् मला सांग." चोविसाव्या वर्षी मी अठरा-अठरा वर्षांच्या पोरींमध्ये जाऊन बसले. त्या मला पहिला महिनाभर मॅडम समजून उभ्या राहायच्या.

जानेवारीत अण्णांचे पाय सुजले. चप्पल जाईना. जालन्याला दाखवलं, रक्त तपासलं — क्रिएटिनिन ३.२. ज्यांच्या घरात किडनीचा पेशंट आहे त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की तो एकच्या आसपास पाहिजे आणि जितका वर चढेल तितकी किडनी बसत चालली. डॉक्टर म्हणाले, "औषधांनी थांबतं का बघू. नाहीच थांबलं तर डायलिसिस." मला रडू आवरेना. अण्णा मात्र म्हणाले, "मीटर लावलं न त्यांनी? मंग खरंच आसंल."

या धावपळीत माझं एक प्रॅक्टिकल बुडलं. साधंच होतं. तांब्याच्या भांड्यात गरम पाणी ओतायचं, थर्मामीटर घालायचा आणि दर मिनिटाला तापमान लिहायचं, वीस रीडिंग. पाणी आधी झपाट्याने निवतं, मग हळूहळू. पण जर्नल पूर्ण नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि जर्नल दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी हॉस्पिटलच्या बाकावरून सुमय्याला फोन लावला. ती माझी लॅबमधली जोडीदार, जालन्याचीच.

"अगं, मंग जमव ना!" ती म्हणाली. "सगळेच जमवतात. ग्राफ कसा यायला पायजे ते बघ, तसे आकडे टाक. इतका काय विचार करायलीस?"

मी जमवले. अठ्ठ्याहत्तरपासून सुरुवात केली आणि मनानेच एकेक आकडा खाली आणत गेले. बारावं रीडिंग साडेबावन्न लिहिलं आणि अण्णांच्या नावाचा पुकारा झाला. त्यांना आत नेलं, बसवलं, परत आले... डोकं ठिकाणावर कुठलं? पुन्हा साडेबावन्न लिहिलं. आणि पुन्हा एकदा. मग पुढचे आकडे उतरवून मोकळी झाले. चूक घरी गेल्यावर दिसली. निवत चाललेलं पाणी मध्येच एका आकड्यावर अडून बसत नाही, हे चहा पिणाऱ्या कुणालाही कळेल. पण पेनाने लिहिलेलं होतं आणि जर्नलमध्ये खाडाखोड चालत नाही. सरांनी नीट न बघताच सही केली, मी सुटले.

खरं सांगू? मला लाज वाटली ती अण्णांची. त्यांनाच दाखवायला आणलेल्या दवाखान्यात बसून मी मीटर न लावता वीस वेळा बोलले होते.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा झाली. दुपारची वेळ, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. जर्नल आधीच जमा करून घेतल्या होत्या, त्या परीक्षकांच्या टेबलावर पडलेल्या. चिठ्ठी उचलली तर... तेच प्रॅक्टिकल! म्हटलं, चला, आता तरी खरी रीडिंग घेऊ. पाणी ओतलं, घड्याळ चालू केलं. पहिलं रीडिंग अठ्ठ्याहत्तर. मला काहीच वाटलं नाही, कुठूनतरी सुरुवात होणारच की. देवाशप्पथ सांगते, जानेवारीत काय लिहिलं होतं ते मला आठवतही नव्हतं. आठवत होतं फक्त ते तीन वेळा साडेबावन्न.

बाराव्या मिनिटाला पारा साडेबावन्नवर आला. तेराव्यालाही तिथंच. मी पाणी ढवळलं. पारा हलला नाही.

बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक मागेच उभे होते. मोठा कडक माणूस, सकाळपासून कुणालाच सोडलं नव्हतं. "थर्मामीटर अडकलाय तुझा," म्हणाले आणि स्वतः जाऊन दुसरा घेऊन आले. तो पाण्यात घातला. चौदावं मिनिट. साडेबावन्न. सर वाकून बघत राहिले. शेजारच्या टेबलावरून सुमय्या पुटपुटली, "तोबा, तोबा..." पंधराव्या मिनिटाला पारा गुमान खाली उतरला आणि विसाव्या रीडिंगपर्यंत कुठं म्हणून थांबला नाही.

सरांनी माझी जर्नल काढली, ते पान उघडलं आणि माझा परीक्षेचा कागद शेजारी ठेवला. दोन्हीकडं वीस आकडे. एकही अर्ध्या अंशाने इकडचा तिकडं नाही. जर्नलमधले जानेवारीच्या थंडीत बसून मनाने लिहिलेले, कागदावरचे एप्रिलच्या उन्हात मोजलेले. उन्हाळ्यात तर पाणी निवायला जास्त वेळ लागायला पाहिजे!

"हे कधी लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"जानेवारीत, सर."

"पाठ करून लिहिलं म्हणावं, तर मी स्वतः उभा होतो," ते म्हणाले. मग त्यांनी जर्नल मिटली. "जा. पास आहेस तू. आणि याचा फार विचार करू नको."

विचार करू नको म्हणे! नंतर लॅबवाल्या मामांच्या हातापाया पडून मी तेच भांडं आणि तेच दोन्ही थर्मामीटर घेऊन तीनदा प्रॅक्टिकल करून पाहिलं. तिन्ही वेळा पाणी सरळ निवत गेलं, मध्ये कुठंच थांबलं नाही.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला आजही कसंतरी होतं. मे महिन्यात अण्णांचं क्रिएटिनिन ५.६ झालं. डॉक्टरांनी शेवटची मुदत दिली, महिनाभरात खाली आलं नाही तर डायलिसिस सुरू. मी त्याच दवाखान्यात गेले. त्याच बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांना हात जोडून उठवलं. तोच पेन घेतला. एका बाजूला तारखा लिहिल्या, पुढं आकडे... ५.६, ४.९, ४.३, असं उतरवत थेट १.२ पर्यंत आणलं. मध्ये एक आकडा मुद्दाम तीन वेळा लिहिला. आणि त्यापुढं वर्षभराच्या सगळ्या तारखांना १.२, १.२, १.२.

सुमय्याला कागद दाखवला तर ती आधी ओरडली, "पागल झालीस का?" मग माझ्याकडं बघून तिने मला जवळ घेतलं.

लिंबाचं सरबत पिणारी मी! आठवडाभर देवाचं नाव घ्यावं तशी तो कागद उघडून बघत होते. अंगात जेवढी म्हणून आशा होती ती त्या आकड्यांना बांधली होती.

पुढचा रिपोर्ट आला ६.३. त्यानंतरचा ७.१. जूनमध्ये अण्णांचं डायलिसिस सुरू झालं.

आता मी डिग्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. बरं चाललंय. पण त्या दुपारी काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. दोन सरांना विचारलं, दोघंही योगायोग म्हणाले. असेल. पण मला राग त्याचा नाही येत. जे काही होतं, त्याला एका फालतू भांड्यातल्या पाण्यासाठी सवड होती, मी न मागता. आणि जिथं मी हात जोडून मागितलं तिथं कुणी फिरकलंसुद्धा नाही. कुणाशी भांडू मी? तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, मी हसणार नाही. तो कागद अजून पर्समध्ये आहे. फाडायला घेते आणि परत ठेवते.

सोमवारी आणि गुरुवारी अण्णांना घेऊन जालन्याला जावं लागतं. मशीन चालू असेपर्यंत मी त्यांना वर्गात शिकवलेलं सांगते. परवा करंट तारेत का फिरतो ते सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, दोन प्रश्न विचारले. तेवढ्यात सिस्टरने रिपोर्ट आणून दिला.

"आज किती आला, माय?" अण्णांनी विचारलं.

पर्समधल्या कागदावर त्या तारखेसमोर १.२ लिहिलेलं आहे. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आठ पॉइंट एक," मी म्हणाले.

"मीटरवरचा सांगितला न? बराबर केलं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.